हाली, कलदार आणि दोन खाडे

धाराशिवच्या सराफ लायनीत एक ओळखीचा सोनार आहे. मागच्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे अगदी नको त्या वेळी, मी त्याच्याकडं दोन रुपये घेऊन गेलो. मोडायला नव्हे, तोलायला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यानं रुपयांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "सर, तुमचं काम म्हंजे कायम बिनपैशाचं."

एक रुपया पंचम जॉर्जचा, १९१९ सालचा. आज्जी त्याला कलदार म्हणायची. दुसऱ्यावर चारमिनार, आणि चारमिनारच्या मधल्या कमानीत एकच उर्दू अक्षर: ऐन. शेवटचा निजाम उस्मान अली खान, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. हा हाली, निजामाच्या राज्यातला रुपया. वाटण्या झाल्या तेव्हा विहीर, बैल, भांडी सगळं वाटलं गेलं, चांदीचे बाकीचे रुपये चुलतबहिणीच्या लग्नात पैंजण होऊन गेले, आणि हे दोन कसे कोण जाणे माझ्याकडं राहिले.

कलदार भरला ११.५८ ग्रॅम, टंच, म्हणजे शेकडा चांदी किती ते, मशीननं दाखवलं ९१.५. हाली ११.१३ ग्रॅम, टंच ८१.७. मी तिथंच मोबाइलवर गुणाकार केला. सात हालीत मिळून चांदी ६३.६५ ग्रॅम. सहा कलदारांत ६३.५७. सोनाराला म्हटलं, "बघा, सात हाली म्हणजे सहा कलदार. पोलिस ॲक्शननंतर सरकारनं हाली बदलून द्यायचा दर ठरवला तो हाच." त्यानं मान हलवली आणि पुढच्या बाईंना जोडव्यांचा ट्रे दाखवायला घेतला.

मी मात्र त्या आकड्यांवर खूष होतो. तीसएक वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, त्यातली बरीच वर्षं 'आर्थिक विचारांचा इतिहास' हा पेपर. वर्गात शिकवलेली एखादी गोष्ट काट्यावर ठेवून दाखवता येईल, असं तेवढ्या वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं.

आमचं गाव येडशी आणि कसबे तडवळ्याच्या पट्ट्यात. बालाघाटाच्या अलीकडं आम्ही, पलीकडं बार्शी. आम्ही मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजी मुलखात. आज ही हद्द बसमधून जाताना कुणाला कळणारही नाही, जिल्हा बदलल्याची पाटी तेवढी दिसते. पण आज्ज्याच्या काळी त्या हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. गाडीत कापूस असो, शेंगा असोत, निजामाच्या मुलखातून बाहेर जाणाऱ्या मालावर तिथं जकात भरायची. भरायची ती हालीत. पलीकडं बार्शीच्या अडतीत माल उतरवला की पट्टी मिळायची ती कलदारात. परत येताना कलदार घेऊन यायचं, आणि गावात सारा, किराणा, मजुरी, सगळं पुन्हा हालीत.

म्हणून आज्जीच्या चंचीला, पानसुपारीच्या त्या कप्प्याकप्प्यांच्या पिशवीला, दोन कप्पे जास्तीचे शिवलेले होते. एका कप्प्यात हाली, एका कप्प्यात कलदार. मी पाहिली तेव्हा दोन्ही कप्पे रिकामे होते, एकात लवंगा ठेवायची. पण हिशेब तिच्या तोंडात पक्का होता. "साताला सहा," म्हणायची. "शंभर कलदाराला एकशेसोळा-सतरा हाली. सराफ मदी बट्टा खायाचा त्यो येगळा." हा बट्टा कमीजास्त व्हायचा, सुगीत एक, पावसाळ्यात एक. आपण आज नावाला बट्टा लागला म्हणतो, तेव्हा कुणाच्या मनात सराफ येत नाही.

शब्दांची गंमत आणखी आहे. हाली म्हणजे सध्याचा, चालू. आपलं 'हल्ली' त्याच घरातलं. सालारजंग १८५३ला निजामाचा दिवाण झाला, त्याआधी राज्यात ठिकठिकाणची नाणी चालायची. त्यातून सरकारी चालू नाणं निवडून काढलं, ते हाली सिक्का. कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. पुढं निजामानंही यंत्रावर पाडलेला चारमिनारछाप रुपया काढला, तरी लोक त्याला हालीच म्हणत राहिले. नाव एकदा बसलं की बसलं.

१९९२ला नोकरी लागली. पहिल्याच सत्रात ग्रेशॅमचा नियम आला. वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हुसकावून लावतो. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथ राणीचा सल्लागार सर थॉमस ग्रेशॅम, त्याच्या नावाचा नियम. नाव मात्र त्याला १८५८मध्ये मॅक्लाउड नावाच्या लेखकानं चिकटवलं. त्याच्या कितीतरी आधी, १५२०च्या दशकात, कोपर्निकसनं पोलंडच्या राजासाठी नाण्यांवर टिपण लिहिलं होतं आणि त्यात हेच सांगितलं होतं. सूर्य मध्ये आणि पृथ्वी त्याच्या भोवती, असं सांगणारा तोच कोपर्निकस. हे सगळं मी मोठ्या ऐटीत पोरांना लिहून दिलं. शनिवारी गावाकडं गेलो आणि तेवढ्याच ऐटीत आज्जीला सांगितलं.

तिनं विचारलं, "ह्ये शिकवायला पगार देतेत?"

मग तिनं मला तिचा धडा दिला. लढाईच्या काळात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, नवा कलदार आला त्याची कड वेगळी होती, कडेला मधोमध खाच. बायकांनी तो नखानं ओळखायला घेतला. चंचीतून देताना आधी तो द्यायचा, राणीछाप आणि जुना राजाछाप मागं ठेवायचा. "सगळ्याच बायका तसं करायच्या. मग बाजारात काय ऱ्हाईल? नवाच ऱ्हाईल." तिला का ते माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं: १९४०ला सरकारनं रुपयातली चांदी बारातल्या अकरा भागांवरून निम्म्यावर आणली होती. नखानं ओळखायची ती कड खोट्या नाण्यांना आळा म्हणून घातलेली. सरकारनं घातली एकासाठी, बायकांनी वापरली दुसऱ्यासाठी.

त्या दिवसापासून ग्रेशॅम शिकवताना मी फाटक्या नोटेचं उदाहरण देतो. खिशात एक कोरी आणि एक चिकटपट्टी लावलेली नोट असेल तर मेथीच्या जुडीला कोणती देता? अख्खा वर्ग हसतो. नियम पाठ करावा लागत नाही.

पण ग्रेशॅम हा सोपा भाग. अवघड भाग असा, की आज्जी ज्या चांदीवर एवढा जीव टाकत होती, त्या चांदीचा आणि रुपयाच्या किमतीचा संबंध ती जन्मायच्या आधीच तुटला होता.

झालं असं. १८७१ ते ७३ या काळात जर्मनीनं चांदी सोडून सोन्याचं चलन घेतलं, पाठोपाठ युरोपातले इतर देश गेले. जगाच्या बाजारात चांदी पडायला लागली. हिंदुस्थानचा रुपया चांदीचा, तोही पडायला लागला. दोन शिलिंगांच्या (शिलिंग म्हणजे बारा पेन्स, पौंडाचा विसावा भाग) आसपास असलेला रुपया वीस वर्षांत सव्वा शिलिंगाकडं आला. इंग्रज सरकारचं दुखणं असं, की कर गोळा व्हायचा रुपयात आणि लंडनला देणं असायचं पौंडात: कर्जाचं व्याज, रेल्वेचं व्याज, गोऱ्या साहेबांची पेन्शनं. दादाभाई नवरोजी ज्याला संपत्तीचा निचरा म्हणत, त्यातला हा मोठा हप्ता. रुपया पडला की त्याच हप्त्यासाठी जास्त रुपये काढावे लागायचे, रयतेकडून. शेवटी १८९३ला सरकारनं टांकसाळी लोकांना बंद केल्या. तोवर कुणीही चांदी घेऊन जाऊन रुपये पाडून आणू शकत होता. आता रुपया किती पाडायचा ते फक्त सरकार ठरवणार. रुपया दुर्मिळ झाला, वर चढला, आणि एक शिलिंग चार पेन्सवर बसवला गेला. अंगात असलेल्या चांदीपेक्षा रुपयाची किंमत जास्त. केन्सच्या भाषेत रुपया ही चांदीवर छापलेली नोट झाली.

हो, तोच इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स, पुढं महामंदीवर उपाय सांगणारा. त्याचं पहिलं पुस्तक हिंदुस्थानच्या रुपयावर आहे, १९१३चं. हिंदुस्थान त्यानं कधी पाहिला नाही. लंडनच्या इंडिया ऑफिसात दोनेक वर्षं कारकुनी केली होती. त्याला ही नवी व्यवस्था आवडली. देशात चांदीचा रुपया आणि कागदी नोट चालू द्यावी, सोनं लंडनला राखून ठेवावं, बाहेरचं देणं देताना सरकारनं ठरल्या भावानं पौंड द्यावेत; सोनं लोकांच्या हातात कशाला हवं? व्यवस्था स्वस्त आणि लवचिक. अर्थशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲडम स्मिथनं बँकेच्या कागदी पैशाला हवेतून काढलेला गाडीरस्ता म्हटलं होतं: जमिनीवरच्या रस्त्याची जागा मोकळी होते आणि तिथं पीक घेता येतं. केन्सचा रस्ता तसाच हवेतला. आमच्या आज्ज्याचा रस्ता मात्र येडशीच्या घाटातला, तो बार्शीला पोचेपर्यंत बैलांच्या खांद्यावर आवाळं यायची.

दहा वर्षांनी, १९२३ला, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध लंडनलाच पुस्तक होऊन आला. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', रुपयाचा प्रश्न. लेखक भीमराव आंबेडकर. मार्गदर्शक एडविन कॅनन, ज्यानं स्मिथच्या ग्रंथाची नावाजलेली आवृत्ती संपादित केली तो. कॅनननं प्रस्तावना लिहिली आणि तीत बऱ्याच ठिकाणी आपलं पटत नाही असंही सांगून टाकलं, पण विचारांच्या ताजेपणाची तारीफ केली. अशी प्रस्तावना आजकाल कुणी लिहीत नाही.

आंबेडकरांचा केन्सवर आक्षेप सरळ होता. लवचिक लवचिक म्हणता, पण लवचिकपणा कुणाच्या हातात? नाणं पाडणाऱ्याच्या. त्याच्या हाताला बांध नाही. तो मनाला येईल तेवढे रुपये पाडेल आणि देशातले भाव चढतील. रुपयाचा पौंडाशी भाव स्थिर ठेवून काय करायचं, रुपयानं देशात काय विकत येतं ते स्थिर असायला हवं. म्हणून टांकसाळ लोकांना बंद केली तशी सरकारलाही बंद करा, रुपयांच्या संख्येला मर्यादा घाला. बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक स्थापन केली, असा एक मेसेज दर एप्रिलमध्ये मला किमान चार ग्रुपांवर येतो. मी आता त्यावर काही लिहीत नाही. पण मनात दरवेळी येतं, अरे, त्या पुस्तकात चलन सांभाळणाऱ्यावर भरवसा नाहीये, त्याचे हात बांधायची मागणी आहे. ती वाचली तर मेसेजपेक्षा किती तरी धारदार आहे.

आणि त्याच पुस्तकात आणखी एक प्रश्न आहे. त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

त्या काळी बहुतेकांचं मत असं, की रुपया पडणं देशाच्या फायद्याचं. रुपया स्वस्त म्हणजे आपला कापूस, आपला गहू परदेशात खपतो, निर्यात वाढते. पुढं १९२६ला चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग कमिशननं रुपया एक शिलिंग सहा पेन्सवर ठेवा म्हटलं, तेव्हा कमिशनचेच एक सभासद सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी वेगळं मत नोंदवलं, एक शिलिंग चार पेन्सच हवेत म्हणून, आणि मुंबईचे गिरणीवाले, व्यापारी त्या बाजूनं उभे राहिले. राष्ट्रीय बाजू तीच समजली गेली. आंबेडकरांचीही त्या कमिशनपुढं १९२५च्या डिसेंबरात साक्ष झाली होती. त्यांचं म्हणणं, देशाचा फायदा ही भाषा जरा थांबवा. रुपया पडला की भाव चढतात. मजुरी मात्र तेवढी चढत नाही, मागं राहते. निर्यात करणाऱ्याला जो जास्तीचा नफा दिसतो तो परदेशातून येत नाही, तो मजुराच्या ताटातून येतो. एका वर्गाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घातलेलं, याला देशाची कमाई कसं म्हणायचं?

मी हे कैक वर्षं शिकवलं. शिकवलं म्हणजे माझ्या नोट्समध्ये 'भारतीय आर्थिक विचारवंत' या प्रकरणात नवरोजी, रानडे, गोखले यांच्या पाठोपाठ अर्धं पान होतं, पाच मार्कांच्या टिपेपुरतं. ग्रंथाचं नाव, साल, दोन मुद्दे. १९७८ला नामांतरावरून मराठवाडा पेटला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि आमच्या पट्ट्यातला धूर पाहिला आहे. १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाला नाव मिळालं तेव्हा मी त्याच विद्यापीठाच्या कॉलेजात मास्तर होतो. त्या दिवशीही माझ्या नोट्समध्ये अर्धंच पान होतं. ते कुणी वाढवू नको म्हणालं नव्हतं.

२०१९ला गावातलं माळवद पाडलं. पावसाळ्यात एक बाजू बसली होती, जीव जायची वेळ यायला नको म्हणून. देवळीतून कापडात गुंडाळलेल्या चार वह्या निघाल्या, आज्ज्याच्या. अर्धी मोडी, अर्धी बाळबोध, वरती फसली साल, निजामाच्या महसुली पंचांगाचं. एक बऱ्यापैकी शाबूत. त्यात सालगड्याचं पान होतं, पाडवा ते पाडवा. रोख हाली ४५. जवारी पायल्या ७०. घोंगडी १. वहाणजोड १. नाव मी इथं लिहीत नाही, त्यांची नातवंडं पंचक्रोशीत आहेत. खाली तारखांवारी उचल: आठ आणे, एक रुपया, लेकीच्या दवापाण्याला दोन. आणि मग फसली १३५०, माघ वद्य:

"खाडे २. तडवळ्यास गेला. वजा ०॥."

फसली १३५०चा माघ म्हणजे १९४१चा फेब्रुवारी. त्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि तिला बाबासाहेब आले होते. आज्जीच्या बोलण्यात हे एकदाच आलं होतं. "तडवळ्याला लई खच पडला व्हता मान्साचा. तुजा आज्जा न्हाई गेला." सालगडी गेला, हे तिनं कधी सांगितलं नाही. तिला आठवत नसेल, किंवा सांगण्यासारखं वाटलं नसेल.

मी त्या ओळीवर बोट ठेवून बसलो. आधी, खोटं कशाला सांगू, मास्तराच्या सवयीनं हिशेबच केला. पंचेचाळीस हाली म्हणजे ७२० आणे. वर्षाचे ३६० दिवस धरले तर रोखीचे दिवसाला दोन आणे. दोन खाड्यांचे चार आणे होतात. आज्ज्यानं कापले आठ, वहीतला ०॥ म्हणजे अर्धा रुपया. खाड्याला दुप्पट, ही गावची रीत असणार. बाकीच्या पानांवरही तसंच आहे. आज्जा काही राक्षस नव्हता. चारचौघं करतात ते करायचा, आणि वहीत लिहून ठेवायचा.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली, आणि ती येताच मी माळवदाच्या ढिगाऱ्यावरून उठून लिंबाखाली जाऊन बसलो. आज्ज्याची कमाई कलदारात, मजुरी हालीत. बार्शीत कलदाराचा भाव वर असेल त्या हंगामात त्याच मालाचे हाली जास्त यायचे, आणि सालगड्याचे पंचेचाळीस पाडव्याला ठरले ते ठरले. बट्ट्यातला तो फरक कुठून आला? लंडनच्या प्रबंधातला युक्तिवाद आमच्या देवळीत, आमच्या आज्ज्याच्या अक्षरात, पायलीच्या मापानं पडून होता. आणि तो ज्यानं लिहिला त्याचं भाषण ऐकायला जाण्याचे आठ आणे वजा करून.

त्यांनी त्या दिवशी तडवळ्यात रुपयाबद्दल काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. वतनाचा विषय होता. बार्शी लाइट रेल्वेची छोटी लाइन, १८९७ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झालेली आणि पुढं लातूरपर्यंत आलेली, तडवळ्यावरून जायची. कलदाराच्या मुलखातून हालीच्या मुलखात येणारी ती गाडी. रुपयाचा प्रश्न लिहिणाऱ्या माणसाच्या स्वागताला जमलेल्यांच्या गाठीला दोन तऱ्हेचे रुपये, एवढंच मी मनातल्या मनात बघतो आणि पुढं काही जोडत नाही.

वहीत अजून एक पान आहे. तीन पाडव्यांनंतरचं. लढाईनं भाव कुठल्या कुठं गेलेले, सरकारची धान्याची लेव्ही सुरू झालेली. आधीच्या पानावर आज्ज्यानं जवारी विकली ती हालीला चार पायल्यांनी. या पानावर दीड पायलीनं. म्हणजे पंचेचाळीस हालीत आधी १८० पायल्या आल्या असत्या, आता साडेसदुसष्ट. त्याच सालगड्याची नवी बोली अशी: "रोख हाली १५. जवारी पायल्या १००. हट्टानं मागितली."

हट्टानं. आज्ज्याचा राग त्या एका शब्दात अजून ओला आहे.

ॲडम स्मिथनं १७७६ला लिहून ठेवलंय, की शतकाशतकाच्या हिशेबाला धान्य हे चांदीपेक्षा चांगलं माप, आणि वर्षावर्षाच्या हिशेबाला चांदी बरी. स्मिथच्या काळात तीन वर्षांत पैशाची किंमत अशी ढासळताना त्यानं पाहिली नसावी. आमच्या सालगड्यानं पाहिली, आणि वर्षाच्या हिशेबालाही धान्यच धरलं. पैशात ठरलेली मजुरी मागं पडते, हे त्याला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. विचारांचा इतिहास शिकवताना आम्ही नेहमी कुणी लिहिलं ते सांगतो. कुणी ओळखलं, याची वही बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच माणसाच्या हातात असते, आणि तो 'हट्टानं' लिहितो.

त्यांचा एक नातू माझा विद्यार्थी होता, बीएच्या पहिल्या वर्षापर्यंत. आता येडशीला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, रोटर दुरुस्त करतो, ट्रॉल्या बांधतो. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गेटची बिजागरी तुटली म्हणून गेलो होतो. काम होईपर्यंत चहा झाला, आणि मी कसं सांगावं याची जुळवाजुळव करत करत शेवटी सरळ वहीचं सांगून टाकलं. आठ आण्यांसकट.

त्यानं काळा चष्मा कपाळावर सारला. "मग सर, आजच्या हिशेबानं किती हुत्यात?"

तो चेष्टा करतोय की खरं विचारतोय ते कळेना. मी म्हटलं, तीन उत्तरं येतात. चांदीनं धरलं तर अर्धा हाली, म्हणजे साडेचार ग्रॅम चांदी. जवारीनं धरलं तर वहीतल्या भावानं दोन पायल्या. दिवसांनी धरलं तर रोखीच्या हिशेबानं माणसाचे चार दिवस. रिकार्डो नावाचा शेअर दलाल होता, मोठा अर्थशास्त्रज्ञ, तो असं एक माप शोधत होता जे स्वतः कधी बदलत नाही. १८२३ला मरेपर्यंत शोधत होता, शेवटचं टिपण अर्धवट राहिलं.

"म्हंजे घावलं न्हाई."

"नाही घावलं."

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. बिजागरी पाण्यात बुडवली, चर्र आवाज झाला. "पैसे नका देऊ सर, त्या पानाचा फोटू पाठवा."

बिजागरीचे की वहीचे, कोणते पैसे ते त्यानं सांगितलं नाही. मी बिजागरीचे दिले आणि फोटोही पाठवला, अख्ख्या पानाचा, उचलीसकट, आज्ज्याच्या सहीसकट. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर आलं नाही. रात्री सहज बघितलं तर त्याचा डीपी बदललेला होता. ट्रॉलीपुढं उभं राहून काढलेला जुना फोटो जाऊन तिथं वहीची एक कापलेली पट्टी होती, पिवळट कागद, काळी शाई. वजा आठ आणे त्यानं कातरून टाकले होते. उरलं होतं तेवढं: "खाडे २. तडवळ्यास गेला."